दहापट भिंग आणि खानदेशातले पानभुंगेरे: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

सराफ हिरा पारखताना डोळ्याला लावतो ती घडीची छोटी काच पानभुंगेरे ओळखायलाही तेवढीच कामाची आहे. हिऱ्याची पारख जगभर दहापट भिंगाखालीच होते, आणि चार ते आठ मिलिमीटरच्या भुंगेऱ्यालाही नेमकं तेवढंच भिंग पुरतं. जळगावसारख्या सोन्याच्या पेठेत ही काच शोधायला वणवण करावी लागत नाही, ऑनलाइन तर ढिगाने मिळतात. अडचण निवडीची आहे, कारण डबीवर छापलेला आकडा आणि आतली काच यांचा बऱ्याचदा संबंध नसतो.

हे परीक्षण आहे तीन काचा चिकटवून केलेल्या, १० एक्सच्या (म्हणजे दहापट मोठं दाखवणाऱ्या), धातूच्या घडीच्या भिंगाचं. तुलनेला दोन वस्तू घेतल्या: ‘३० एक्स’ छापलेलं स्वस्त भिंग आणि मोबाईलला चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स. कसोटी लावली ती गाजर गवत, गिलक्याचा वेल, नाल्यातली बेशरम, भरताची वांगी आणि कडधान्याची कोठी अशा ठिकाणच्या भुंगेऱ्यांवर. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. पारख कशी करायची हे कळलं की नावाची फारशी गरज उरत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. भुंगेरा पानभुंगेऱ्यांच्या कुळातला आहे की नाही, हे चांगलं १० एक्स भिंग जवळपास दर वेळी सांगतं. त्या कुळातला गट बहुतेकदा सांगतं. जात मात्र ते एकटं सांगत नाही. तिथे झाड ओळखावं लागतं. ज्याला गिलकं आणि दोडका वेलावरून वेगळे सांगता येत नाहीत, त्याने पाच हजारांचं भिंग घेतलं तरी उपयोग नाही.

विकत घेताना करायच्या दोन तपासण्या

पहिली तपासणी फुटपट्टीने होते. खिडकीपासून तीन-चार मीटर आत उभं राहायचं, पांढरा कागद भिंतीला टेकवायचा आणि भिंग कागदासमोर पुढे-मागे करायचं. एका ठिकाणी खिडकीचं उलटं, रेखीव चित्र कागदावर उमटतं. तिथे कागद आणि काचेच्या मध्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि २५० ला त्या आकड्याने भागायचं. अंतर २५ आलं तर भिंग १० एक्सचं, ५० आलं तर ५ एक्सचं. ‘३० एक्स’ खरं असेल तर हे अंतर जेमतेम ८ मिलिमीटर भरायला हवं. २१ मिलिमीटर रुंदीची एकच काच पूर्ण गोटीसारखी फुगीर केली तरी ते साधत नाही. दुकानातली ‘३० एक्स, २१ मिमी’वाली काच हातात घेऊन पाहा, ती तेवढीही फुगीर नसते. मोजलं की त्यातली बरीचशी दहाच्या आसपास किंवा खालीच निघतात. म्हणजे फसवणूक आकड्यात आहे, काच अगदीच टाकाऊ नसते. दोन-अडीचशे रुपयांत मिळते, शाळेतल्या मुलांना द्यायला ठीक आहे.

दुसरी तपासणी आलेखाच्या कागदाची. एक मिलिमीटरचे चौकोन भिंगातून बघायचे. एकाच काचेच्या भिंगात मधले चौकोन ठीक दिसतात, पण कडेच्या रेघा वाकतात आणि त्यांना एका बाजूने निळी, दुसऱ्या बाजूने पिवळी किनार येते. तीन काचांच्या भिंगात रेघ कडेपर्यंत सरळ आणि काळीच राहते. हा चोखंदळपणा वाटेल, पण गाजर गवतावरच्या भुंगेऱ्याच्या पाठीवरचे पट्टे बघताना किंवा कासव-भुंगेऱ्याची, म्हणजे कासवासारखी ढाल असलेल्या पानभुंगेऱ्याची, पारदर्शक झालर तपासताना ही खोटी किनार सरळ दिशाभूल करते. झालरीवर रंग आहे की काचेचा दोष आहे, हे कळत नाही.

घड्याळजीची डोळ्यात अडकवायची काच बरेच जण भिंग म्हणून उचलतात. ती साधारण तीन ते पाचपटच असते. बसून काम करायला उत्तम, पण पावलाचे सांधे मोजायला अपुरी. २० एक्सचं घडीचं भिंग उलट टोकाला चुकतं. त्याला भुंगेरा काचेपासून १२-१३ मिलिमीटरवर आणावा लागतो. तिथे आपल्याच कपाळाची सावली पडते, आणि जिवंत भुंगेऱ्याने तेवढ्या अंतरात एक पाऊल टाकलं की चित्र फिसकटतं. मेलेल्या, टाचणीला लावलेल्या नमुन्यासाठी घ्यायचं तर घ्या.

बघायची रीत

भिंग भुंगेऱ्याजवळ नेऊन लांबून बघणं ही सार्वत्रिक चूक. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, धरलेल्या हाताचा अंगठा गालाला टेकू द्यायचा आणि दुसऱ्या हाताने भुंगेरा वर आणायचा. साधारण अडीच सेंटिमीटरवर तो एकदम स्पष्ट होतो. दोन्ही हात एकमेकांना टेकलेले असले की थरथर मरते. चष्मा काढायची गरज नाही, फक्त दिसणारा भाग थोडा कमी होतो. ऊन खांद्यावरून यावं. चकचकीत निळ्या-हिरव्या भुंगेऱ्यावर थेट ऊन पडलं की पाठीवर पांढरा डाग उठतो आणि खालचे बारीक खड्डे दिसत नाहीत. अशा वेळी छत्रीच्या किंवा केळीच्या पानाच्या सावलीत बघावं.

जिवंत भुंगेरा स्थिर राहत नाही, आणि पानभुंगेऱ्यांची खोड अशी की सावली पडली की पाय आखडून खाली पडतात. म्हणून आधी हात, टोपी किंवा उलटी छत्री पानाखाली धरायची आणि मग पान हलवायचं. पकडल्यावर सगळ्यात स्वस्त आणि उत्तम युक्ती: पारदर्शक झिपची छोटी पिशवी आणि भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा. भुंगेरा पिशवीत टाकायचा, पिशवीखाली स्पंज ठेवायचा आणि वरून बोटाने प्लास्टिक हलकं ताणायचं. भुंगेरा स्पंजात रुततो, चिरडत नाही, हलतही नाही. पिशवी उलटी करून त्याच रीतीने पोट आणि पावलं बघता येतात. पाहून झालं की सोडून द्यायचा.

काचेच्या नळीत ठेवणार असाल तर आत टिश्यूची पट्टी हवीच. नाहीतर बाष्प धरून भुंगेरा काचेला चिकटतो. आणि नळी उन्हात ठेवायची नाही. खानदेशातल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात बंद नळीतला भुंगेरा काही मिनिटांत मरतो, आणि कासव-भुंगेरा असेल तर त्याचा सोनेरी रंगही त्याच्याबरोबर जातो. थर्मासमध्ये बर्फाशेजारी पाच-दहा मिनिटं ठेवला तर तो सुस्त होतो आणि नंतर पुन्हा चालायला लागतो.

भिंगाची खरी कसोटी: वांग्याच्या पानावर

जळगावकडची भरताची वांगी जेवढी आपल्याला प्रिय तेवढीच एका गोलसर, तांबूस-पिवळ्या, काळ्या ठिपक्यांच्या भुंगेऱ्यालाही. पानाचा हिरवा भाग शिरांमधून खरवडून तो पानाची जाळी करतो. पानं खातो, म्हणून लोक त्याला पानभुंगेरा समजतात. तो पानभुंगेरा नाही. ढालकिड्यांच्या, म्हणजे मावा खाणाऱ्या ‘लेडीबर्ड’च्या कुळातला तो शाकाहारी नातलग आहे: हेनोसेपिलाक्ना. एका जातीच्या प्रत्येक पंखावर १४, मिळून २८ ठिपके असतात. ठिपके मोजून काम भागेल असं वाटतं, पण ठिपके पुसट होतात, जुळतात, कमी-जास्त दिसतात. पाऊल आणि मिशा तसा दगा देत नाहीत.

पिशवी उलटी करा आणि मधल्या पायाच्या पावलावर भिंग धरा. पानभुंगेऱ्याचं पाऊल म्हणजे मण्यांची छोटी माळ. पहिले दोन मणी लहान, तिसरा रुंद आणि मधोमध चिरलेला, पत्त्यातल्या बदामासारखा. त्या बदामाच्या खाचेतून एक लांब बारीक मणी निघतो आणि त्याच्या टोकाला दोन नखं. मणी चार दिसतात. प्रत्यक्षात पाच असतात, पण चौथा इतका बारका की बदामाच्या खाचेत दडलेला असतो, आणि १० एक्सला तो दिसत नाही. न दिसला तरी हरकत नाही, बदाम दिसला पाहिजे. बदामाखालची दाट मऊ लव पानाच्या गुळगुळीत पृष्ठावर पकड देते. ऊन तिरपं असेल तर ती लव पांढुरक्या गादीसारखी चमकते. वांग्यावरच्या ठिपकेवाल्याच्या पावलात याच रीतीने मोजले तर तीनच मणी दिसतात. शिवाय त्याच्या मिशा आखूड आणि टोकाला गदेसारख्या जाड. पानभुंगेऱ्याच्या मिशा बहुतेक वेळा दोऱ्यासारख्या, अकरा सांध्यांच्या, डोक्यापेक्षा बऱ्याच लांब.

हा फरक सहा-सात मिलिमीटरच्या भुंगेऱ्यावर चांगल्या भिंगातून दहा सेकंदांत दिसतो. स्वस्त भिंगातूनही दिसतो, पण मध्यावर धरलं तरच. मोबाईलच्या लेन्सने पाठीचा फोटो झकास येतो आणि पाऊल धूसर. याच एका कारणाने भिंगाला झुकतं माप दिलंय.

तुरीच्या किंवा उडदाच्या फुलांवर, बाजरीच्या कणसावर दिसणारे नारिंगी-काळे पट्ट्यांचे भुंगेरे, ज्यांना हिंगे म्हणतात, तेही लोक याच खात्यात टाकतात. त्यांना पिशवीत घेतानाही बोट लावू नका. अंगातून निघणाऱ्या कँथरिडिन नावाच्या विषारी रसायनाने कातडीवर फोड येतात. मान बारीक, पंख मऊ, आणि पुढच्या चार पावलांत पाच-पाच सांधे, मागच्या दोनांत चार. बदाम नाही. विषय संपला.

झाडागणिक

गाजर गवत. हे गवत भारतात १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलं गेलं आणि आज खानदेशातला एकही बांध त्याच्यावाचून नाही. त्यावरचा झायगोग्रामा बायकोलोराटा, ज्याला शेतकरी मेक्सिकन भुंगेरा म्हणतात, १९८४ मध्ये बंगळुरूत मुद्दाम सोडला गेला आणि पुढे देशभर पसरला. पाच-सहा मिलिमीटरचा, फिकट पिवळसर पंखांवर गडद तपकिरी-काळे उभे पट्टे. खानदेशात शिकाऊ माणसाने सुरुवात याच्यापासून करावी, कारण झाड ओळखीचं, भुंगेरा ठळक आणि पिकाला हात लावावा लागत नाही. गाजर गवत हाताळताना मात्र पूर्ण बाह्या आणि हातमोजे घाला. त्याने अंगाला खाज आणि चट्टे उठतात, परागाने दमेकऱ्याला त्रास होतो.

वेळ चुकली की हा भुंगेरा सापडत नाही. तो पावसाबरोबर जमिनीतून वर येतो, जुलै ते सप्टेंबर जोरात असतो आणि ऑक्टोबरनंतर मातीत जाऊन निपचित पडतो. मे महिन्यात पाटाच्या कडेला गाजर गवत हिरवंगार असलं तरी भुंगेरे बहुधा नसतात. पावसाळ्यात पान उलटं केलं की मागच्या बाजूला पिवळी, लांबट, एकेकटी किंवा दोन-चार मिळून घातलेली अंडी दिसतात. भिंगाचा आनंद इथे खरा. चेहऱ्याकडून पाहिलं तर मिशांची मुळं एकमेकांपासून दूर, डोळ्यांच्या जवळ असतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या भुंगेऱ्यात नेमकं उलटं आहे.

गिलकी, काकडी, डांगर. वेलवर्गीय पिकावरचा तांबडा भुंगेरा, औलॅकोफोरा फोव्हिकोलिस. सहा ते आठ मिलिमीटर, वरून नारिंगी-तांबडा. वरून बघून थांबू नका. पिशवी उलटी केली की पोट काळं आणि त्यावर बारीक पांढुरकी लव. चेहऱ्यावर मिशांची मुळं दोन डोळ्यांच्या मधोमध, अगदी शेजारी-शेजारी. या एका खुणेने गाजर गवतावरच्याचा आणि याचा गट वेगळा होतो. त्याच वेलावर निळसर-काळ्या पंखांचा जातभाईही भेटतो. रंग पाहून त्याला भलत्याच गटात ढकलू नका, मिशा बघा.

नदीकाठच्या टरबूज-खरबुजाच्या वाड्यांत मार्चपासूनच हा दिसतो. रोप दोन पानांवर असताना आला तर रोपच जातं, मोठ्या वेलाला तितकं नुकसान होत नाही. पानावर कित्येकदा गोल चर कोरलेला दिसतो: आधी तो वर्तुळ आखतो, म्हणजे आतल्या भागात येणारा रस तुटतो, आणि मग आतला भाग खातो. वरून पान कुरतडलेलं आणि वेल मात्र मुळाकडून सुकतोय असं दिसलं तर बुंध्याशी माती उकरा. अंडी तिथे ओल्या मातीत असतात आणि अळ्या मुळात शिरतात. तिथे भिंगाचं नाही, खुरप्याचं काम आहे.

बेशरम. नाल्यात, तलावाच्या काठी, गावाच्या उकिरड्याशी. गुलाबी-जांभळ्या कर्ण्यांच्या फुलांचं हे झाड कासव-भुंगेऱ्यांचं माहेर आहे. मोठा, ठिपकेवाला अॅस्पिडिमॉर्फा मिलिआरिस दीड सेंटिमीटरच्या आसपास जातो, त्याला भिंगाची गरज नाही. लहान, सोनेरी किंवा हिरवट जातींना आहे. डोकं आणि पाय ढालीखाली झाकलेले असल्यामुळे वरून फक्त झालर दिसते. त्यांना ओढून काढायचं नाही. पानाला ते असे घट्ट बसतात की पाय तुटतील पण सुटणार नाहीत. पान तोडा, भुंगेऱ्याखाली कागदाची कड सरकवा, काचेच्या तुकड्यावर घ्या आणि काचेखालून भिंग लावा. ढालीखालची पावलं, बदाम, आखूड मिशा, सगळं एका नजरेत.

सोनेरी चमक ही रंगद्रव्याची नसून पंखाच्या कवचातल्या ओलसर पातळ थरांतून परतणाऱ्या प्रकाशाची असते. म्हणूनच मेल्यावर थर वाळतात आणि सोन्याचं पितळही उरत नाही, तपकिरी भुंगेरा उरतो. टाचणीला लावलेला नमुना बघून रंगाचं वर्णन लिहू नका. आणि पानावर काळपट, चिकट कचऱ्याची छत्री पाठीवर धरलेलं काही दिसलं तर ती त्यांचीच अळी. स्वतःची टाकलेली कात आणि विष्ठा ती शेपटीच्या काट्यावर तोलून धरते. फोटोवर ‘घाण’ म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी अळ्या भिंगाखाली चालायला लागतात.

रुईवर गडद निळा, धातूसारखा चमकणारा प्लॅटिकोरायनस मिळतो, भिंग नसलं तरी चालेल. नवापूरकडे भातखाचरात हिस्पा: निळसर-काळा, पाच-साडेपाच मिलिमीटर, सर्वांगाला काटे. त्याचे काटे १० एक्सला पाहण्यासारखे असतात, पण ओळखायला पानावरच्या समांतर पांढऱ्या रेघा पुरतात. मुळा-मोहरीच्या पानांना बंदुकीच्या छऱ्यांनी भोकं पाडल्यासारखं दिसलं तर पिसूसारखे उडणारे दोन मिलिमीटरचे भुंगेरे शोधा. मागची मांडी फुगलेली दिसेपर्यंत भिंग साथ देतं, त्यापुढे नाही.

सातपुड्यात, यावल-पाल किंवा तोरणमाळकडे, पावसाळ्याच्या शेवटी सागाच्या पानांची नुसती जाळी उरलेली दिसते. पाहणारा भुंगेरे शोधत बसतो. ते बहुतांशी एका पतंगाच्या अळीचं काम असतं. पान उलटं करून रेशमी जाळं आणि विष्ठेच्या बारीक गोळ्या दिसतात का ते बघा. यावल, अनेर धरण, गौताळा ही अभयारण्यं आहेत. तिथे परवानगीशिवाय भुंगेरा डबीत घालून आणणं चालणार नाही. फोटो काढा आणि पुढे चला.

कोठीतला नातलग

तूर, हरभरा, मूग, चवळी पोखरणारा भुंगेराही हल्ली शास्त्रज्ञ पानभुंगेऱ्यांच्याच कुळात धरतात, हे ऐकून पुष्कळांच्या भुवया उंचावतात. पान तो खातच नाही. पण पावलाखाली तोच बदाम. तीन-चार मिलिमीटरचा, आखूड पंखांचा, मागचं टोक उघडं. तांदूळ-गव्हातल्या सोंड्यासारखी सोंड याला नसते. चांगल्या भिंगाची आणि स्वस्त भिंगाची लढत बघायची असेल तर कॅलोसोब्रुकस चायनेन्सिसच्या नराची मिशी बघा: फणीसारखे दात. मादीची साध्या करवतीसारखी. तीन काचांच्या भिंगातून एकेक दात सुटा दिसतो. स्वस्त भिंगातून नुसती झुपकेदार शेपटी. कडधान्याच्या दाण्यावर चिकटवलेली पांढरी, चकचकीत, चपटी अंडीही याच भिंगातून बघावी. अंधाऱ्या कोठीत एलईडीवालं भिंग बरं पडतं. बाहेर उन्हात त्याच एलईडीचे ठिपके चमकत्या पाठीवर उमटून नको करून सोडतात.

चिंच किंवा भुईमुगाच्या शेंगेला गोल भोक आणि बाहेर कागदासारखा पांढरट कोश असेल तर याच गोतावळ्यातला कॅरिडॉन सेराटस. मागच्या जाड मांडीच्या खालच्या कडेला एक मोठा दात आणि पुढे लहान दातांची रांग, भिंगात स्वच्छ दिसते.

जिथे भिंग हात टेकतं

ज्वारी, मका, कपाशी, कडधान्य, जिथे बघाल तिथे बसणारा मोनोलेप्टा. तीन-चार मिलिमीटर, गडद पंखांवर चार फिकट ठिपके. हा बरीच झाडं खातो, त्यामुळे झाडाचा आधार तुटतो. मागच्या पावलाचा पहिला मणी बाकीच्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा लांब दिसला की गट कळतो. जात ठरवायला नराचं जननांग काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. पाणथळ जागच्या गडद निळ्या, उड्या मारणाऱ्या अल्टिकांचंही तेच. अशा वेळी ‘मोनोलेप्टा, जात अनिश्चित’ एवढं लिहिणं हीच बरोबर नोंद आहे. जगात या कुळाच्या ३५,००० हून जास्त जाती आहेत, आणि भारतातल्या बऱ्याच गटांच्या ओळख-किल्ल्या (खुणा पायरीपायरीने तपासत नावापर्यंत नेणाऱ्या याद्या) अजूनही कीटकशास्त्रज्ञ समरेंद्र मौलिक यांनी १९१९, १९२६ आणि १९३६ साली लिहिलेल्या खंडांवरच टेकलेल्या आहेत. त्या किल्ल्यांतल्या पहिल्या पायऱ्या १० एक्सने चढता येतात. पंखांवरच्या बारीक खड्ड्यांच्या ओळी आणि नखांच्या आतले दात आले की टेबलावरचा सूक्ष्मदर्शक हवा.

मोबाईलची लेन्स

टाकाऊ नाही, पण भिंगाची जागा घेत नाही. चिमट्याची लेन्स नेमक्या मुख्य कॅमेऱ्यावर बसवावी लागते. हल्लीचे बरेच फोन जवळचं काही दिसलं की आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतात आणि पडदा काळा पडतो. आधी सेटिंगमध्ये ते बंद करा. फोनचं कव्हर काढा, नाहीतर लेन्स तिरकी बसते आणि अर्धा फोटो धूसर. स्पष्ट दिसण्याची पट्टी एक-दोन मिलिमीटरचीच असते. भुंगेऱ्याची पाठ फुगीर, म्हणून पाठ स्पष्ट आली की मिशा जातात. एका फोटोत सगळं पकडायचा हट्ट सोडा आणि पाच वेगळे काढा: वरून, बाजूने, समोरून चेहरा, पोट, आणि खाल्लेल्या पानासकट झाड. त्यातल्या एकात आलेखाच्या कागदाचा तुकडा शेजारी ठेवा. दोन मिलिमीटरचा आणि आठ मिलिमीटरचा भुंगेरा जवळून काढलेल्या फोटोत सारखेच दिसतात. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्ग-नोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकणाऱ्याने यजमान झाडाचं नाव टिपेत लिहिलं तर ओळखणाऱ्याचं अर्धं काम होतं. अॅपने सुचवलेलं पहिलं नाव डोळे मिटून स्वीकारू नये. यंत्र रंग आणि आकार बघतं, पावलाचे मणी मोजत नाही.

पैसे वाचवायचे असतील तर वेगळी लेन्स घेऊच नका. तेच १० एक्स भिंग उघडून फोनच्या कॅमेऱ्यावर रबरबँडने बसवा. भिंगाची बैठक कॅमेऱ्याला अगदी टेकलेली हवी. चकाकी मारायची तर भुंगेरा आणि उजेड यांच्यात ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरा. कडेचे कोपरे थोडे काळे येतात, ते कापून टाका.

काय घ्यावं, कसं टिकवावं

१० एक्स, तीन काचा, १८ ते २१ मिलिमीटर रुंदी, धातूची बैठक. किंमत कमी म्हणून प्लास्टिक बैठक घेतली तर घडीचा स्क्रू आधी सुटतो. धातूच्यातही सुटतो, पण चष्म्याच्या छोट्या पेचकसाने घट्ट होतो. ‘२० एक्स फुकट’, ‘एलईडी आणि यूव्ही’ असली जोडपुरवणी किंमत वाढवायला असते.

काळ्या मातीच्या धुळीत बारीक कण असतात. काच शर्टाच्या टोकाला पुसली की ओरखडे येतात. आधी फुंकर किंवा रबरी फुगा, मग चष्म्याचं फडकं. केळीच्या बागेत काम करत असाल तर चीक लागलेल्या बोटाने काचेला हात लावू नका, तो वाळला की तपकिरी डाग बसतो. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, काचा डिंकासारख्या पदार्थाने जोडलेल्या असतात आणि सततच्या उष्णतेने जोड धुरकट होतो. पावसाळ्यात बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी भिंगाच्या डबीत टाकून ठेवली की काचेवर बुरशी धरत नाही. आणि उघडं भिंग वाळल्या गवतावर ठेवून पाणी प्यायला जाऊ नका. एप्रिलच्या उन्हात त्याचा ठिपका एका जागी पडून राहिला तर बांध पेटायला वेळ लागत नाही.

दोरी लाल किंवा केशरी घ्या. कपाशीच्या शेतात काळ्या दोरीचं भिंग पडलं की वेचणीपर्यंत सापडत नाही.